टर्बो इंजिन आतून मजबूत करावं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळा तोंडावर आला की टर्बो गाड्यांबद्दलची पत्रं वाढतात. या अंकासाठी चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलं आहे, कारण त्यात गुंतणारा पैसा मोठा आहे आणि इंजिन एकदा खोललं की मागे फिरता येत नाही.

प्रश्न : माझी २०१५ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय ऑटोमॅटिक आहे, ९२ हजार किलोमीटर झाली. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) केलेला आहे, ट्यूनरच्या आलेखावर टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३३० न्यूटन-मीटर दिसतो. मोठा टर्बो बसवायचा विचार आहे. त्याआधी फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन आणि रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) टाकून घ्या, असं गॅरेजवाले म्हणतात. रोजचं जाणं-येणं सिडको ते शेंद्रा, अधूनमधून समृद्धीवरून नागपूर. टाकून घेऊ का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आत्ता नको. फोर्ज्ड पिस्टन-रॉडनी गाडीची ताकद एका पीएसनेही वाढत नाही. ताकद वाढते ती जास्त हवा आणि जास्त पेट्रोल जाळल्यावर, आतले भाग फक्त तो मार सोसतात. त्यामुळे आधी काय तुटेल ते पाहायचं आणि पैसा तिथे लावायचा.

तुमच्या गाडीत आधी जाईल तो गिअरबॉक्स. सात गिअरचा, ड्राय क्लचचा हा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. कंपनीनेही या गाडीला १८० पीएस देऊन टॉर्क २५० वरच ठेवला. तुम्ही आजच ८० ने पुढे आहात. दुसऱ्या गिअरला थरथर, चढावर क्लचचा वास, जोरात पाय दिल्यावर आरपीएम वाढून वेग मागे राहणं, यातलं काही जाणवत असेल तर क्लच घसरायला लागला आहे. अशा गिअरबॉक्समागे फोर्ज्ड इंजिन बांधून उपयोग नाही. मोठ्या टर्बोचा हट्टच असेल तर आधी गिअरबॉक्सचा बंदोबस्त करा. तो खर्च ऐकूनच बहुतेकांचा बेत बदलतो, आणि तसा बदलण्यात काही चूक नाही.

आता इंजिनाचं. आतले भाग वेगवेगळ्या कारणांनी जातात, ती कारणं एकत्र केली की चुकीच्या भागावर पैसा जातो.

रॉड वाकतो तो टॉर्कने, आणि बहुधा खालच्या आरपीएमवर. किलोवॅटमधली ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९. २,००० आरपीएमला ३३० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ६९ किलोवॅट. तेवढीच ताकद ४,००० आरपीएमला हवी असेल तर १६५ न्यूटन-मीटर पुरतो. म्हणजे रस्त्यावर मिळालं सारखंच, पण पहिल्या वेळी प्रत्येक दणक्याला रॉडवर दुप्पट जोर आला. चांगला ट्यूनर २,५०० च्या खाली बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आवळून धरतो आणि वर सोडतो. तुमच्या मॅपमध्ये तसं केलं आहे का, हे आधी विचारा. हा बदल लॅपटॉपवर होतो, त्यासाठी स्पॅनर उचलावा लागत नाही.

रॉडच्या बोल्टची गोष्ट उलटी आहे. तो आरपीएमने ताणला जातो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा डोक्यावर दाब नसतो आणि त्याला खाली ओढून आणण्याचा सगळा ताण बोल्टवर येतो. आरपीएम दुप्पट झाले की हा ताण चौपट होतो. तुम्ही रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) वाढवणार नसाल तर बोल्टची काळजी फारशी नाही.

पिस्टन जातो तो नॉकने. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायच्या आतच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप पेटतं आणि दोन रिंगांच्या मधली कड तडकते. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला पूर्ण जोर दिला तर ठिणगीआधीच जळण सुरू होण्याचा धोका असतो, तो याहून वाईट. त्यावर उपाय म्हणजे एपीआय एसपी दर्जाचं ऑइल, त्याच्या जोडीला कंपनीने सांगितलेली मान्यता, आणि चौथ्या-पाचव्या गिअरला १,५०० आरपीएमवर पाय दाबायची सवय सोडणं. एक गोष्ट गॅरेजमध्ये सहसा सांगत नाहीत. फोर्ज्ड पिस्टन नॉक थांबवत नाही, तो फक्त जास्त काळ सोसतो. नॉक तसाच राहिला तर पुढे बेअरिंग आणि हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या झाकणाची, म्हणजे हेडची सील) जातात.

आणि नॉक आपल्याकडे येतो तो उष्णतेतून. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. त्यात बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर लावला तर इंजिन स्वतःचीच तापलेली हवा ओढतं, वर काळ्या मातीची धूळ. ती धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा आणि सिलिंडरच्या भिंती खाते. कंपनीचा बंद एअरबॉक्स परत बसवा, फिल्टर निम्म्या मुदतीत बदला. मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा) हा या हवामानात फोर्ज्ड पिस्टनपेक्षा आधी घ्यायचा भाग आहे.

निर्णयाआधी दोन तपासण्या करा. पहिली, लॉग. दुपारच्या उन्हात, डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) किंवा मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत, तिसऱ्या गिअरला २,००० पासून पूर्ण पाय देऊन नोंदी घ्या. लॅपटॉप शेजारच्या सीटवर बसलेल्याकडे द्या. इनटेकच्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरला इग्निशन (ठिणगीची वेळ) किती अंश मागे घेतलं जातंय, रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) फ्युएल प्रेशर आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) या चार गोष्टी पाहा. एका खेपेत हवा २५ अंशांहून जास्त तापत असेल तर इंटरकूलर कमी पडतोय. इग्निशन दोन-तीन अंश मागे जाणं चालतं. एकाच सिलिंडरला पुन्हा पुन्हा पाच-सहा अंश जात असेल तर मॅप सौम्य करा. रेल प्रेशर मागणीपेक्षा खाली पडत असेल तर फ्युएल पंपाची क्षमता संपली आहे, मोठ्या टर्बोचा विषय तिथेच थांबला.

दुसरी, लीक-डाउन टेस्ट. गरम इंजिन, पिस्टन वर, सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती गळते ते पाहायचं. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या पुढे खोलायचा विचार. कान लावा: ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

या सगळ्यानंतर आतले भाग बदलणं योग्य ठरतं ते मुख्यतः दोन वेळा. टॉर्कचं लक्ष्य मूळ रॉडच्या ज्ञात मर्यादेपलीकडे ठरलं आहे आणि गिअरबॉक्स, पंप, इंटरकूलर आधीच झाले आहेत, ही एक. दुसरी म्हणजे रिंगा गेल्यामुळे किंवा ऑइल खात असल्यामुळे इंजिन तसंही खोलावंच लागणार आहे. मग मात्र अर्धवट काम करू नका. रॉड घेताना ४३४० पोलादाचे घ्या, नव्या बोल्टसकट. बोल्ट आवळताना नुसत्या टॉर्क रेंचवर विसंबू नका, बोल्ट किती ताणला ते गेजने मोजा. रोजच्या गाडीला ४०३२ मिश्रधातूचे पिस्टन बरे, त्यात सिलिकॉन जास्त असल्यामुळे ते कमी फुगतात. २६१८ चे जास्त चिवट, पण त्यांना सिलिंडरमध्ये जास्त मोकळीक द्यावी लागते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरम होईपर्यंत टकटक ऐकू येते. होनिंग (सिलिंडरची भिंत घासून नेमक्या मापाला आणणं) करताना ब्लॉकवर हेडच्या जागी टॉर्क प्लेट (जाड धातूची पाटी) आवळलेली असावी, नाहीतर हेड बसल्यावर गोल बोअर (सिलिंडरचं भोक) अंडाकृती होतं.

रिंगची फट हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. रिंग बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनच्या डोक्याने एक इंच खाली सरळ ढकलायची आणि फीलर गेजने दोन टोकांमधली फट मोजायची. टर्बो गाडीला बोअर गुणिले ०.००५५ हा चांगला अंदाज: तुमच्या ८२.५ मिलिमीटर बोअरला सुमारे ०.४५ मिलिमीटर. पिस्टन बनवणाऱ्याचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तोच खरा. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग फुगायला जागा उरत नाही आणि रिंगांमधली कड तुटते. ‘फोर्ज्ड असूनही तुटला’ म्हणतात त्यातले कितीतरी पिस्टन असे जातात. फट वाढवताना एकाच टोकाला कानस मारा, आतून बाहेर नव्हे तर बाहेरून आत, आणि धार काढून टाका. हेडचे बोल्ट जुने वापरू नका. टायमिंग चेन आणि टेन्शनर त्याच वेळी बदला, पिस्टनखालचे ऑइल जेट वाकले नाहीत ना ते पाहा.

प्रश्न : आमच्याकडे पोलादाची काय कमी! रॉड जालना किंवा वाळूजमध्येच बनवून घेतले तर? – एक वाचक, जालना

उत्तर : जालन्याच्या सळईचं पोलाद आणि रॉडचं पोलाद वेगळं. रॉडला निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं ईएन २४ किंवा ४३४० लागतं. वाळूजमध्ये फोर्जिंग आणि मशिनिंगचं कसब नक्कीच आहे. पण अडचण चार रॉडसाठी डाय करण्याची, नेमक्या हीट ट्रीटमेंटची, शॉट पीनिंगची (बारीक छर्रे मारून पृष्ठभाग मजबूत करण्याची) आणि चुंबकीय तडा-तपासणीची आहे. यातलं एक राहिलं तरी रॉड दिसायला उत्तम आणि ब्लॉक फोडायला समर्थ. चारही रॉड एका ग्रॅमच्या आत सारख्या वजनाचे हवेत. तयार संच घ्या. स्थानिक कारागिरांकडून बोअरिंग, होनिंग, क्रँकचं बॅलन्सिंग करून घ्या, त्यात ते कुणापेक्षा कमी नाहीत.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे माझ्या १ लिटर टर्बोचे पिस्टन बदलावे लागतील का? – एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. इथेनॉल नॉकला उलट विरोध करतं. प्रश्न पुरवठ्याचा आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. रिमॅप जुन्या पेट्रोलवर केला असेल तर पूर्ण जोरात मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होत नाही ना, ते लॉगमध्ये बघून घ्या. गाडी ई-२० साठी बनवलेली नसेल तर रबरी पाइप आणि सील तपासत राहा.

प्रश्न : डिझेल एसयूव्हीला ट्यूनिंग बॉक्स (ताकदीसाठी जादा डिझेल सोडायला लावणारा) लावला आहे, मागे ट्रॉली ओढतो. हेडला मजबूत स्टड (हेड आवळणारे बोल्ट) टाकू का? शिवाय आरटीओची काही अडचण? – एक वाचक, लातूर

उत्तर : ट्रॉली ओढताना बॉक्स काढा किंवा सर्वांत खालच्या सेटिंगवर ठेवा. डिझेलचा पिस्टन वितळतो तो जास्त डिझेलच्या उष्णतेने, आणि स्टड ती उष्णता कमी करत नाहीत. टर्बोच्या आधी एक्झॉस्ट तापमानाचा सेन्सर बसवा. चढावर ७५० अंशांच्या पुढे आकडा टिकून राहिला तर पाय काढा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काळा धूर दिसणार नाही, फिल्टर वारंवार स्वतःला साफ करू लागेल, तीच खूण.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीने बॉक्सवर बोट ठेवलं तर दावाही अडकतो, म्हणून विमा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर घ्या.