वायफायवर 300, पण केबलवर डेस्कटॉपला 94 एमबीपीएसच का मिळतात?

फोनला वायफायवर 300 एमबीपीएस मिळतात आणि केबल लावलेला डेस्कटॉप 94 च्या वर जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या 94 मध्येच उत्तर आहे. तुमची लिंक, म्हणजे डेस्कटॉप आणि राउटरमधली जोडणी, 1000 ऐवजी 100 एमबीपीएसवर जुळली आहे. पाचेक टक्के हेडर (डेटाच्या प्रत्येक तुकड्याला जोडलेली पत्त्याची माहिती) वगैरेंत जातात, म्हणून टेस्टमध्ये 94-95 दिसतात. ड्रायव्हर किंवा इंटरनेट कंपनीच्या मागे लागण्याआधी खात्री करा: विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे लिंक स्पीड.

100/100 दिसलं तर पहिला संशय केबलवर. 100 च्या लिंकला आठपैकी चारच तारा लागतात, पिन 1, 2, 3 आणि 6. गिगाबिटला, म्हणजे 1000 च्या लिंकला, आठही लागतात. त्यामुळे 4, 5, 7, 8 पैकी एखादी तार तुटली किंवा नीट क्रिंप झाली नाही (कनेक्टरमध्ये दाबून बसली नाही) तरी नेट चालूच राहतं, फक्त 100 वर उतरतं. एरर काहीच येत नाही, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

कॅट 5ई (नेटवर्क केबलचा एक दर्जा) ची दुसरी तयार केबल थेट राउटरला लावून बघा. महागडी कॅट 7 नको. 5ई वर 100 मीटरपर्यंत गिगाबिट चालतं. केबल भिंतीतून आली असेल तर बिघाड बहुधा टोकांना असतो. दोन्हीकडे टी568बी या तारांच्या ठरलेल्या रंगक्रमाने नवे कनेक्टर क्रिंप करा.

तरीही 100 च? राउटरचा पोर्ट बदला. काही राउटरांत एकच लॅन पोर्ट गिगाबिटचा असतो, बाकीचे 100 चे. मध्ये जुना स्विच असेल तर तोही काढून बघा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवरच हवं. ‘100 फुल डुप्लेक्स करा’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. एका बाजूला सक्ती केली की ऑटोवरच्या दुसऱ्या बाजूला वेग कळतो, पण डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा पाठवायचा की आळीपाळीने) कळत नाही, आणि ती बाजू हाफ, म्हणजे आळीपाळीचं, धरते. मग कोलिजन, म्हणजे डेटाच्या टकरी, होतात आणि वेग आणखीच ढासळतो.

लिंक 1000 दाखवते पण टेस्ट कमीच येते, असं झालं तर घरातल्या दोन गिगाबिट मशीनमध्ये आयपर्फ3 (दोन मशीनमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा. 940 च्या आसपास आलं तर केबल आणि कार्ड ठीक आहेत. मग व्हीपीएन आणि अँटीव्हायरस तात्पुरते बंद करून पुन्हा टेस्ट घ्या.