लाउंज लोहगाव विमानतळावर, गाडी पुणे स्टेशनवरून

प्रश्न : हिंजवडीत नोकरी, हातात 24 हजार येतात. वाकडला कॉट बेसिसवर राहते. दिवाळीत आणि मे महिन्यात रेल्वेने नागपूरला जाते. मॉलमधला स्टॉलवाला एक ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड गळ्यात मारतोय : वर्षाला 1,499 रुपये, एअरपोर्ट लाउंज (विमानतळावरची आरामखोली) फुकट. घेऊ का?

उत्तर : नको. 1,499 वर 18 टक्के जीएसटी लागला की झाले 1,769 रुपये. कार्ड शंभराला एक रुपया परत देत असेल, तर नुसती फी वसूल व्हायलाच महिन्याला पावणेपंधरा हजारांची खरेदी हवी. कॉटचं भाडं आणि मेस वजा जाता तुमच्याकडे तेवढे उरतात का? मेसवाल्या काकांना यूपीआयने देता म्हणाल, तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं खरं, पण ते चालतं दुकानदाराच्या क्यूआरवर. काकांच्या खासगी नंबरवर नाही. लाउंजचं तर बोलायलाच नको. तुम्ही विमानाने जातच नाही, आणि हल्ली बऱ्याच कार्डांनी त्यालाही तिमाही खर्चाची अट लावलीय.

आयआरसीटीसीची को-ब्रँडेड कार्डं, म्हणजे बँकेने रेल्वे तिकिटांच्या या कंपनीबरोबर काढलेली, जरूर बघा, पण अटी वाचून. घसघशीत पॉइंट (खर्चावर मिळणारं बक्षीस) सहसा एसीच्या तिकिटांवर असतात. तुम्ही स्लीपरने जात असाल आणि पॉइंटच्या मोहाने थर्ड एसी काढलंत, तर वरचा फरक तुमच्याच पर्समधून जाणार. त्यापेक्षा आयुष्यभर फी नसलेलं साधं कॅशबॅक कार्ड घ्या आणि त्यातून सुटलेले पैसे तिकिटाला लावा.

प्रश्न : माझं पोळी-भाजी केंद्र आहे, पगाराची स्लिप नाही. बँक कार्ड देत नाही. वर्षातून दोनदा पंढरपूरला जाते, एकदा मुलांना घेऊन फिरायला.

उत्तर : ताई, एफडीवर मिळणारं कार्ड मागा. त्याला उत्पन्नाचा पुरावा सहसा लागत नाही. कार्डावरच्या खर्चाची मर्यादा एफडीच्या साधारण 75 ते 100 टक्के, आणि एफडीवरचं व्याज चालूच राहतं. बिल थकलं तर मात्र बँक एफडीतूनच वळतं करून घेते, तेव्हा मुलांच्या फीसाठी ठेवलेली एफडी यात अडकवू नका. आणि पंढरपूरला एसटीनेच जा. महिलांना तिथे 2023 पासून अर्धं तिकीट आहे. एवढी सवलत देणारं ट्रॅव्हल कार्ड माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्रश्न : गोव्याच्या ट्रिपचे 20 हजार कार्डावर आहेत. दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरतो, शिवाय पॉइंटही जमतायत. काही बिघडतं का?

उत्तर : बरंच बिघडतं. महिना साडेतीन टक्क्यांनी 20 हजारांवर 700 रुपये व्याज, त्यावर जीएसटी 126. एका महिन्यात 826 रुपये गेले, आणि शंभराला एक या दराने त्या अख्ख्या ट्रिपचे पॉइंट झाले 200 रुपयांचे! वर, बाकी राहिली की नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते; आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. कार्ड कपाटात ठेवा, मोडण्याजोगी एफडी असेल तर मोडा आणि आधी हे फेडा. पॉइंटचं नंतर बघू.

प्रश्न : कार्ड बंद करायचंय, कस्टमर केअर टोलवतंय.

उत्तर : बाकी शून्य करा आणि लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही, तर पुढच्या दर दिवसाला 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. ईमेलमध्ये हा नियम लिहाच.