यादी नको, माणूस सांग

प्रिय,

"ताई, तुमच्या आवडत्या सिनेमा-नाटकांची एक यादी पाठवा ना. इथे सगळे बोलत असतात आणि मी नुसती मान डोलावते," असं लिहिलंयस. यादी करायला मला वेळ लागणार नाही, पण ती मी पाठवणार नाहीये. अशा याद्या फोनमध्ये पडून राहतात. 'नंतर बघू' म्हणून ठेवलेल्या नावांतलं एकही आपल्याला हाक मारत नाही, कारण ते आपल्यासाठी म्हणून कुणी काढलेलंच नसतं. त्यापेक्षा तुझ्या पत्रात तीन माणसं आली आहेत: वकिली शिकणारी तुझी रूममेट, सिनेमा बघणं म्हणजे वेळ घालवणं असं मानणारे तुझे वारकरी बाबा, आणि तू स्वतः. या तिघांना मी एकेक गोष्ट सुचवते. कशी सुचवते तेही बघ, कारण पुढे हे तुलाच करायचंय.

बाबांपासून सुरुवात करू. त्यांना 'संत तुकाराम' दाखव. दामले-फत्तेलालांनी केलेला, प्रभातचा, १९३६ सालचा. लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता. कोल्हापूरहून ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली. सिनेमा आल्यावर दुसऱ्या वर्षी, १९३७ साली, व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. पण बाबांना यातलं काहीही सांगत बसू नकोस. व्हेनिसचं नाव ऐकून ते टीव्हीसमोर बसणार नाहीत. त्यांना जिजाईबद्दल सांग. घरात खायला नाही आणि नवरा भजनात दंग, अशा घराचा गाडा ओढणारी बाई. पोर आजारी पडतं तेव्हा ती तरातरा देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलालाच जाब विचारते. गौरी या नटीने ते काम केलंय. इतका रोखठोक, इतका आपल्या घरातला राग मराठी पडद्यावर मी क्वचित पाहिलाय. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामांपुढे हात जोडावेसे वाटतात हे खरंच, पण सिनेमाला जमिनीवर ठेवते ती जिजाई. वारीला जाणाऱ्या माणसाला ती लगेच ओळखू येईल, अगदी आपल्या आईत किंवा आजीत.

आणि एक गंमत हातची राखून ठेव. त्यातलं 'आधी बीज एकले' ऐकून बाबा बहुतेक म्हणतील, हा तुकोबांचाच अभंग. तसं भल्याभल्यांना वाटलं होतं. तो लिहिलाय शांताराम आठवल्यांनी, या सिनेमासाठी. हे त्यांना सिनेमा संपल्यावर सांग, आधी नको. काय सांगायचं याच्याइतकंच कधी सांगायचं हेही महत्त्वाचं असतं.

रूममेटला 'कोर्ट'. ती म्हणते ना, मराठी सिनेमे रडके असतात म्हणून? यात कुणी रडत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा २०१४ सालचा सिनेमा. एका शाहिरावर खटला भरलाय: त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप. कायदा शिकणाऱ्या मुलीला कोर्टातल्या तारखा, कलमं, साक्षी यांतच रस वाटेल. तिला मात्र सांग की कोर्टाबाहेर जे घडतं तिकडे नीट लक्ष दे. सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांना वाढते. गीतांजली कुलकर्णींनी हे काम असं केलंय की बाईंचा राग करावा की थकवा समजून घ्यावा, हे ठरवता येत नाही. सुट्टीच्या दिवशी त्या कुटुंबाला घेऊन नाटकाला जातात, आणि त्या नाटकात परप्रांतीयांवर टाळ्या घेतल्या जातात. कॅमेरा शांतपणे बघत राहतो. खटल्याच्या फायलीत न येणारं सगळं त्या प्रसंगात आहे, असं माझं मत आहे. तिला ते पटलं नाही तर तुम्ही दोघी भांडा. मला आवडेल.

आता तू. घर सोडून आलीस, रविवारी दुपारी खोलीत जीव रमत नाही, असं लिहिलंयस. तू 'किल्ला' बघ. दिग्दर्शक अविनाश अरुण इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेला, कॅमेराही त्याचाच. वडील गेलेला एक मुलगा आईच्या बदलीमुळे पुणं सोडून कोकणात जातो. तुझा प्रवास उलटा, पण नवीन वर्गात बाक शोधणाऱ्या त्या पोराचा चेहरा तुला परका वाटणार नाही. एका प्रसंगात मित्र त्याला किल्ल्यात मागे टाकून निघून जातात आणि पाऊस सुरू होतो. भिजलेल्या दगडांमधून तो एकटा हाका मारत फिरतो. मला तो प्रसंग अजून घट्ट धरून आहे. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच ज्यूरीने या सिनेमाला क्रिस्टल बेअर हे पारितोषिक दिलं, ते उगाच नाही. जमलं तर आईला फोन करायच्या आधी बघ, नंतर नको.

तुझी खरी अडचण मला दुसरीच वाटते. तू पाहिलेलं कमी नाहीये, तुला बोलायची भीती वाटते. कट्ट्यावर कुणीतरी जागतिक सिनेमाची नावं घेतं आणि 'मला सैराट आवडतो' हे वाक्य तुझ्या घशात अडकतं. बिनधास्त म्हण. मलाही तो फार आवडतो, आणि माझ्याशी वाद घालणारे दोन्हीकडे आहेत. लोक पहिल्या भागाच्या प्रेमात असतात, गाण्यांवर नाचतात. अजय-अतुलनी त्यातल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला केलं, ते कानाला जाणवतंच. पण माझ्या मते सिनेमाचा कणा आहे हैदराबादचा भाग. गावात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची तिथे झोपडपट्टीतल्या एका खोलीत येऊन पडते. वास, संडास, परकी भाषा. बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, हळूहळू तेलुगू शिकते, आईला फोन करते. पळून जाणं गाण्यात संपतं, पण रोजचा दिवस काढावा लागतो, आणि नागराज मंजुळेंनी तो घाई न करता दाखवलाय. 'मधला भाग लांबला' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. शेवटाबद्दल बोलत नाही, कारण तुझ्या रूममेटने पाहिला नसेल तर तिचा तो हक्क आहे.

बोलताना एक पथ्य पाळ: महिनाभर 'भारी', 'मस्त', 'बोअर' हे शब्द वापरू नकोस. त्याऐवजी प्रसंग सांग. 'ती फोन ठेवते तेव्हा मला असं वाटलं' इतकं पुरे. समोरचा कितीही वाचलेला असो, तुझ्या पाहण्याला त्याला खोटं ठरवता येत नाही. आणि सिनेमा बघायच्या आधी त्याला समीक्षेत किती स्टार मिळालेत ते बघू नकोस. आकडा एकदा डोक्यात बसला की आपण त्याच्याशीच सहमत होत राहतो.

नाटकाचं वेगळं सांगायला हवं, कारण ते कुणाला फॉरवर्ड करता येत नाही. पुण्यात राहून नाटक न बघणं मला खरंच सहन होत नाही. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात १९७२ च्या डिसेंबरात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. रंगमंचावर उभी राहणारी ब्राह्मणांची ओळ हीच भिंत आणि तोच पडदा, ही कल्पना तिथे पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आली. त्याच भरतमध्ये 'पुरुषोत्तम' करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या स्पर्धेच्या, एकांकिका होतात. १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे. तुझ्याच वयाची मुलं नेपथ्य उचलून आणतात, घसा बसेपर्यंत तालमी करतात, आणि प्रेक्षागृहात 'आव्वाज कुणाचा' ही कॉलेजांची घोषणा घुमते. काही एकांकिका फसतात, काही पोटात घुसतात. दोन्ही प्रकार बघ. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे, तिथे नट हातभर अंतरावर असतो आणि त्याने गिळलेला आवंढाही दिसतो.

तर पुढच्या पत्रात मला एकच सांग: बाबांना काय दाखवलंस आणि जिजाई वहाण उचलते तेव्हा ते काय म्हणाले. मग मी तुझ्या आईसाठी काहीतरी काढते. फक्त त्यांना गाणी जास्त आवडतात की गोष्ट, ते आधी विचारून घे.

तुझी,
ताई