वॅगनआरला कोणत्या नक्षीचे टायर घ्यावे? राहतो आर्णीजवळच्या खेड्यात, रोज यवतमाळला ये-जा, ७० किलोमीटर

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दुकानदार म्हणतो, "खेड्यातली गाडी हाय, मोठ्या बटणाचे टायर घ्या." हाच सल्ला ऐकून मी एकदा पैसे घालवलेत, म्हणून उत्तर देतो. बटणाचे, म्हणजे मोठमोठे ठोकळे आणि मधे रुंद खाचा असलेले टायर नका घेऊ. घरापासून डांबरीपर्यंतची पांदण अर्धा किलोमीटर धरा. बाकी सगळं नागपूर-तुळजापूर चौपदरी आणि यवतमाळातली गर्दी. टायर त्या ७० किलोमीटरसाठी घ्यायचे.

नक्षी समजून घ्यायची तर अंगणातला ट्रॅक्टर पाहा. पुढच्या चाकाला सरळ गोल पट्ट्या, मागच्याला तिरपे गुट्टे. पुढचं चाक दिशा धरायला, मागचं मातीत रुतून ओढायला. तोच ट्रॅक्टर डांबरीवर आला की मागचे टायर घुमायला लागतात, आणि जो रोज ट्रॉली घेऊन रोडवरच चालतो त्याचे गुट्टे लवकर झिजतात. कारचंही तसंच. एक चाक रस्त्याला जेमतेम तळहाताएवढं टेकलेलं असतं. त्यातली बरीचशी जागा रुंद खाचांनीच खाल्ली तर ब्रेक कशाच्या जिवावर लागणार? कोरड्या डांबरीवर खरं तर खाचांची गरजच नसते, शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्यातले टायर गुळगुळीतच असतात. आपल्याला खाचा लागतात त्या पावसाच्या पाण्याला वाट द्यायला.

माझी गोष्ट सांगतो. जुन्या हॅचबॅकला मी बटणवाले टायर टाकले. दुकानदार म्हणाला होता, "गाऱ्यात फसली तं पैसे वापस." पहिला महिना गावात भारी वाटलं. मग खाचांत गिट्टी अडकून टकटक सुरू झाली. ८० च्या वर गेलं की असा आवाज, की मागच्या सीटवरची आई म्हणायची, "रेडिओ मोठा कर नाहीतर बंद कर." ॲव्हरेजही पडलं. जूनच्या पहिल्या सरीत नागपुरात सिमेंट रोडवर सिग्नलला ब्रेक मारला, तर गाडी झेब्रा पट्टा ओलांडून पुढे जाऊन थांबली. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल-धूळ वर येऊन तसंही निसरडं होतंच, पण त्या दिवशी बाजूच्या साध्या टायरच्या गाड्या जागेवर थांबल्या होत्या. आणि गाऱ्याचं म्हणाल, तर ऑगस्टमध्ये गाडी फसलीच. काळी माती कारच्या खाचांत एकदा भरली की सगळे टायर गोटाच. ट्रॅक्टरचे गुट्टे बोटभर उंच असतात म्हणून माती झटकतात, आपल्या नव्या टायरची खोली सात-आठ मिलिमीटर. पैसे वापस मागायला गेलो नाही, लाज वाटली.

तर तुमच्यासाठी: गोल फिरणाऱ्या तीन-चार सरळ रुंद खाचा, त्यांच्यामधल्या पट्ट्यांवर बारीक चिरा, कडेला आडव्या छोट्या खाचा. दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी ही साधी नक्षी बहुतेक नव्या गाड्यांना येते, आणि ती कुठल्याही चाकाला कशीही बसते. थोडे जास्त पैसे द्यायची तयारी असेल तर बाहेरची आणि आतली बाजू वेगळी असलेली नक्षी घ्या. तिच्यात बाहेरचे ठोकळे वळणावर टेकू देतात, आतल्या खाचा पाणी काढतात. फक्त टायरवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे. गावातल्या पंक्चरवाल्याने एकदा माझं उलटं बसवलं होतं. "काय फरक पडते भाऊ?" पडते.

बाणासारखी व्ही नक्षी मात्र मी घेणार नाही. पाणी ती छान काढते, पण एकाच दिशेने फिरण्यासाठी असते. म्हणजे स्टेपनी एकाच बाजूला बरोबर बसणार, आणि पंक्चर नेमकं दुसऱ्या बाजूचं होणार. पऱ्हाटीच्या खुंटांच्या मुलखात पंक्चर नवलाचं नाही. हे खुंट बरेचदा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात, तिथे नक्षी कोणतीही असो, वाचवत नाही.

साइज तुमच्या जुन्या टायरवर आहे तीच ठेवा, रुंद टायरच्या नादी लागू नका. तारीख मात्र पाहाच: बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला माल सवलतीत देतात. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होऊन भेगा पडतात, मग खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी ओल्यात पकड राहत नाही.

दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे टाका. सगळे पुढे टाकायला सांगतात, कारण इंजिन पुढची चाकं फिरवतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर स्टिअरिंगवर कळतं आणि गाडी आवरता येते. मागची सरकली की गाडी भोवरा होते.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर तिथपर्यंत झिजलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं. कायद्याची हद्द तीच, पण मी मृग लागायच्या आधी तीन मिलिमीटरला बदलतो. चौपदरीवर साचलेल्या पाण्यात गोटा टायर तरंगतो, तेव्हा स्टिअरिंग हातात नुसतं असतं. आणि "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हे ऐकू नका. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबतो, जास्त तापतो, दोन्ही कडा झिजतात, आणि मे महिन्यात फुटतो तो हाच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला आहे, सकाळी थंड टायरात तेवढी भरा.

राहिली तुमची अर्धा किलोमीटर पांदण. जुलै ते सप्टेंबर मी गाडी फाट्यावरच्या चहावाल्याच्या टपरीमागे लावतो आणि चप्पल हातात घेऊन घरी येतो. चहावाल्याला महिन्याला दोनशे देतो, बटणाच्या टायरपेक्षा स्वस्त पडतं.