राजीनामा लिहून ठेवलाय, पाठवू का?

ताई,
मी बत्तीस वर्षांची आहे. गेली सात वर्षं एकाच कंपनीत अकाउंट्सला आहे. महिनाअखेरचं क्लोजिंग मीच बघते. त्यासाठी एक एक्सेल शीट बनवली होती, ती आता सगळेच वापरतात. यंदा प्रमोशन माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या सहकाऱ्याला मिळालं. त्याला काम मीच शिकवलं. साहेब म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी नक्की बघू.’’ माझं काम सगळ्यांना दिसतंच, मग मी ते ओरडून का सांगायचं? राजीनामा टाईप करून ठेवलाय. दुसरी नोकरी हातात नाही. घरचे म्हणतात, आहे ते सांभाळ. काय करू?
– अ.

प्रिय अ.,

तुला राग आलाय तो रास्त आहे. ज्याला बोट धरून शिकवलं तो पुढे गेला की जिव्हारी लागतंच. तरीही तो मेल आत्ता पाठवू नकोस. पगार थांबेल हे एक कारण झालंच. शिवाय हातात नोकरी नसलेला माणूस मुलाखतीत घाईला येतो, पहिली ऑफर येईल ती घेतो, पगाराची घासाघीस करायला कचरतो. आणि ‘आधीची नोकरी का सोडली?’ या प्रश्नाला आज तू जे उत्तर देशील, त्यातून तुझा रागच समोरच्याला ऐकू येईल. ऑफिसात कुणी त्रास देत असेल किंवा तब्येतच ढासळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मी थांब म्हणणार नाही. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही.

‘माझं काम सगळ्यांना दिसतंच’ या तुझ्या वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ अडले. ते दिसत नाही गं! तुझं काम चोख असतं, म्हणून तर ते दिसत नाही. क्लोजिंग वेळेवर झालं की कुणाचा फोन येत नाही, कुणी जाब विचारत नाही. लोकांच्या लक्षात राहतो तो घोळ, आणि तू घोळ होऊच देत नाहीस.

बऱ्याच कंपन्यांत प्रमोशन ठरतं ते तू नसतेस अशा खोलीत. चार-पाच साहेब बसलेले असतात, जागा दोन आणि नावं सात. प्रत्येक जण आपापल्या माणसाची बाजू मांडतो. ‘ती फार मेहनती आहे’ एवढंच तुझे साहेब तिथे म्हणाले, तर ते वाक्य उरलेल्या सहाही जणांना लागू पडतं. तिथे लागतात दोन-तीन ठोस वाक्यं, आणि ती साहेबांच्या तोंडी असायला हवीत तर तूच त्यांना द्यायला हवीस. याला मी चमचेगिरी मानत नाही. आपल्या कामाचा नीट हिशेब देणं हा कामाचाच भाग आहे.

तेव्हा या आठवड्यात एक वही घे. सात वर्षं आठवायला बसू नकोस, गेलं दीड वर्ष पुरे. ‘क्लोजिंग बघते’ असं लिहू नकोस. ‘पूर्वी क्लोजिंगला आठ दिवस लागायचे, मी बनवलेल्या शीटमुळे आता तीन लागतात, ती पूर्ण टीम वापरते,’ असं लिही. दिवसांचे आकडे मी नमुन्यादाखल घातलेत, खरे तू काढ. आधी काय अडत होतं, तू काय केलंस, त्यानं काय बदललं, एवढंच प्रत्येक नोंदीत यायला हवं. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की साहेबांशी बोलायचा मजकूर तयार, रेझ्युमेही तयार. नवीन माणसाला शिकवून उभं केलंस, ही नोंद त्यात हवीच. वरच्या पदावर तेच तर करायचं असतं! फक्त कंपनीच्या फायली स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नकोस, त्यानं उगाच अडचणीत येशील.

मग साहेबांकडे अर्धा तास माग. जाता-येता, लिफ्टपाशी हा विषय काढू नकोस. त्या सहकाऱ्याचं नाव घेऊ नकोस, नाहीतर सगळं बोलणं त्याच्यावरच घसरेल. नोंदी सांगून झाल्या की सरळ विचार, ‘‘वरच्या पदासाठी माझ्यात नेमकं काय कमी पडतंय? आणि ते मी केलं, तर पुढच्या बैठकीत तुम्ही माझं नाव मांडाल का?’’ विचारून झालं की गप्प बस. शांतता अवघड वाटेल, पण ती भरायला जाऊ नकोस. जे ठरेल ते त्याच दिवशी चार ओळींच्या मेलमध्ये त्यांना पाठव. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारल्यावरही ‘बघू’च आलं, तर ते नाही म्हणताहेत असं समज.

त्याची वाट बघत मात्र बसू नकोस, बाहेर शोध आजपासूनच सुरू कर. इथे बहुतेक जण फक्त जवळच्या मैत्रिणींना सांगतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची ती ओळख वरचेवर भेटणाऱ्यातली होती. उरलेल्यांची अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांशी होती. कारण साधं आहे. जवळच्यांना ज्या जागा ठाऊक असतात, त्या तुलाही ठाऊक असतात. म्हणून जुन्या टीममधली, आता दुसरीकडे गेलेली माणसं शोध, कॉलेजची कधीमधी बोलणारी मंडळी शोध. ‘नोकरी बघ ना’ असं म्हणू नकोस. ‘तुमच्याकडे अकाउंट्सची टीम कशी चालते, पंधरा मिनिटं बोलता येईल का?’ असं विचार. लोक आनंदानं बोलतात.

ऑफर आली तर ती लेखी हातात पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. नोटीस पीरियड किती आणि बाँड आहे का, हे तुझ्या नेमणूकपत्रात आत्ताच बघून ठेव. राजीनाम्यानंतर साहेब पगार वाढवून थांबवू लागले तर? सात वर्षं जे सुचलं नाही ते एका दिवसात सुचलं, याचा विचार कर. पद आणि तारीख लेखी मिळत नसेल तर माझं मत जा असंच आहे.

घरच्यांशी भांडू नकोस. ‘सांभाळ’ हे त्यांचं म्हणणं दुसरी नोकरी मिळेपर्यंत बरोबरच आहे, कायमचं नाही.

राहता राहिला तो सहकारी. त्याच्याशी अबोला धरू नकोस. उलट मन शांत झालं की एकदा विचार, ‘‘साहेबांशी प्रमोशनबद्दल तू कधी आणि काय बोलला होतास?’’ तुझ्याकडून तो काम शिकलाय, खरं ते सांगेल असं मला वाटतं. त्याचं उत्तर वहीत लिही आणि मगच साहेबांकडे जा.

– तुझी ताई