पिस्तुलाची किंमत आणि हाताला बसणारी मूठ

प्रश्न : माझ्या परवान्याची प्रक्रिया पूर्ण झाली असून आता मला 9 मिलिमीटरचे पिस्तूल विकत घ्यायचे आहे. मुख्य उपयोग रेंजवरील (नेमबाजीच्या मैदानावरील) सराव हा असेल आणि गरज पडली तर घराचे संरक्षण. दुकानात मी तीन पिस्तुले हाताळून पाहिली. पहिले पॉलिमरच्या सांगाड्याचे आणि सर्वांत स्वस्त होते. दुसरे साधारण तशाच घडणीचे, पण नावाजलेल्या कंपनीचे आणि जवळजवळ दीडपट किमतीचे. तिसरे संपूर्ण पोलादी, हॅमर (काडतुसावर आघात घडवणारा, मागे दिसणारा भाग) असलेले आणि पहिल्याच्या दुपटीहून महाग. हातात घेताच तिसरे मनात भरले, कारण ते भरीव वाटत होते आणि त्याचा ट्रिगर अगदी मऊ होता. एवढे जास्त पैसे मोजणे योग्य ठरेल का? आणि पिस्तूल हाताला बरे वाटते, या गोष्टीला खरेदीत किती महत्त्व द्यावे?

उत्तर : हाताला बरे वाटणे ही पिस्तुलाच्या खरेदीतील अत्यंत महत्त्वाची गोष्ट आहे, परंतु दुकानात काउंटरसमोर उभे राहून जे बरे वाटते ते बहुतेक वेळा पिस्तुलाचे वजन, त्याचा गुळगुळीतपणा आणि पोलादाचा थंड स्पर्श यांमुळे वाटत असते. गोळी झाडताना उपयोगी पडणारी पकड निराळी असते आणि ती तपासण्याची पद्धतही निराळी आहे. म्हणून किमतीकडे वळण्याआधी आपण तिन्ही पिस्तुले पुन्हा एकदा, या वेळी ठरवून, हाताळावीत असे मी आग्रहाने सुचवेन.

दुकानदाराने रिकामे असल्याची खात्री करून दिले तरी मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढून, स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढून आणि चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) डोकावून आपण स्वतः खात्री करावी, नळी कोणाच्याही अंगावर रोखली जाणार नाही अशी धरावी आणि रिकामा ट्रिगर ओढण्यापूर्वी परवानगी मागावी. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील बेचका मुठीच्या मागच्या बाजूला जितका वर बसेल तितका वर बसवावा आणि नळी मनगट व कोपर यांच्या सरळ रेषेत ठेवावी. आता पकड तसूभरही न हलवता तर्जनी ट्रिगरवर न्यावी. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर टेकला, तर मूठ आपल्या हाताच्या मापाची आहे. बोटाचे केवळ टोक पोहोचत असेल, किंवा ते पोहोचावे म्हणून पिस्तूल हातात फिरवावे लागत असेल, तर मूठ मोठी आहे. आणि बोट दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जात असेल, तर ती लहान आहे. ट्रिगरपर्यंतचे हे अंतर चुकले की प्रत्येक वेळी बोट ट्रिगरला सरळ मागे न ओढता थोडे बाजूला ढकलते आणि गोळी नेमापासून सरकते. मुठीचा मऊपणा, तिच्यावरील नक्षी, बोटांसाठीच्या खाचा हे सारे यानंतर पाहायचे. मुठीमागची पाठ बदलता येते का, हेही विचारून घ्यावे. ग्लॉक कंपनीने 2010 मध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून ही सोय दिली आणि आता अनेक कंपन्यांच्या पॉलिमर पिस्तुलांत ती मिळते.

आपल्या तिसऱ्या पिस्तुलाचा ट्रिगर मऊ लागला, त्याविषयी एक शंका मला येथे मांडली पाहिजे. हॅमर असलेल्या पोलादी पिस्तुलांपैकी पुष्कळशी, उदाहरणार्थ 1975 मध्ये आलेले सीझेड 75, पहिल्या गोळीला एका प्रकारे आणि पुढच्या गोळ्यांना दुसऱ्या प्रकारे चालतात. हॅमर खाली असताना ट्रिगर आधी हॅमर उचलतो आणि मग सोडतो, त्यामुळे तो लांबवर ओढावा लागतो आणि त्याला साधारण साडेचार ते साडेपाच किलो इतका जोर लागतो. पहिली गोळी सुटल्यावर स्लाइड हॅमर मागे नेऊन ठेवते आणि त्यानंतर दोन ते अडीच किलो जोर पुरतो. दुकानात स्लाइड ओढून पिस्तूल आपल्या हातात आले असेल, तर हॅमर मागेच होता आणि आपण अनुभवला तो फक्त दुसरा, मऊ ट्रिगर. हॅमर खाली असताना ट्रिगर बराच पुढेही असतो, म्हणजे बोट पोहोचण्याची वर सांगितलेली चाचणी त्याच अवस्थेत केली पाहिजे. बेरेटा 92 सारख्या जाड मुठीच्या पिस्तुलात मध्यम हाताच्या अनेकांचे बोट नेमके येथेच तोकडे पडते. आपल्या पहिल्या दोन पिस्तुलांची यंत्रणा ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक 17 सारखी, म्हणजे बाहेर हॅमर नसलेली, असण्याची शक्यता अधिक आहे. अशा पिस्तुलांत प्रत्येक गोळीला ट्रिगर सारखाच, बहुधा अडीच किलोच्या आसपास लागतो. तो पोलादी पिस्तुलाच्या दुसऱ्या ओढीइतका गोड नसतो. मात्र शिकायचा ट्रिगर एकच असतो आणि नवशिक्याला याचा फार उपयोग होतो.

वजनाबद्दल आपला कौल पूर्णपणे चुकीचा नाही. एकच काडतूस दोन पिस्तुलांतून झाडले आणि एकाचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट असले, तर जड पिस्तुलाच्या झटक्याची ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. सीझेड 75 रिकामे असताना सुमारे एक किलो भरते, तर ग्लॉक 19 सुमारे 600 ग्रॅम. हा फरक रेंजवर स्पष्ट जाणवतो आणि दीर्घ सरावात जड पिस्तूल हाताला कमी शिणवते. फक्त तुलना करताना भरलेल्या पिस्तुलाचे वजन धरावे, कारण 9 मिलिमीटरचे एक काडतूस साधारण 12 ग्रॅमचे असते आणि 15 काडतुसांनी भरलेल्या मॅगझिनसह ग्लॉक 19 साडेआठशे ग्रॅमच्या घरात जाते. आपले पिस्तूल कमरेला दिवसभर बाळगायचे नसून घरी आणि रेंजवर वापरायचे आहे, त्यामुळे जादा वजन ही आपल्यासाठी अडचण नाही.

तरीही झाडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. अनेक रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात. तशी सोय असेल तर तिन्ही, किंवा त्यांच्या अगदी जवळची मॉडेले, एकाच दिवशी आणि एकाच प्रकारच्या काडतुसांनी झाडावीत. सात मीटरवर आधी पाच गोळ्या सावकाश, मग दोन-दोन गोळ्या लागोपाठ, अशा रीतीने प्रत्येकी पन्नास गोळ्या पुरेशा आहेत. या वेळी केवळ कागदावरील छिद्रांकडे पाहू नका. गोळी सुटल्यावर माशी (नळीच्या टोकावरील नेमखूण) उसळून पुन्हा मागच्या नेमखुणेच्या खाचेत आपोआप परत येते, की दर वेळी ती शोधावी लागते? पाच गोळ्यांनंतर पकड पहिल्या जागी आहे, की हात सुधारून धरावा लागतो? शेवटचे काडतूस संपल्यावर स्लाइड मागे अडकली नाही, तर बहुधा आपला अंगठा स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर दाबून बसलेला असतो. हा पिस्तुलाचा दोष नसून हात आणि खटक्याची जागा यांचे न जुळणे असते, आणि काउंटरवर ते सहसा कळत नाही. मुठीवरील खरखरीत नक्षी दुकानात छान वाटते, पण पन्नास गोळ्यांत तळवा सोलवटू लागतो. उलट गुळगुळीत लाकडी मूठ घामाने निसटते. ट्रिगरच्या कड्याची खालची कडा मधल्या बोटाला काचते, हे तर बहुतेकांना पहिल्यांदा रेंजवरच समजते.

आता किमतीकडे वळू. स्वस्त पिस्तुलाकडून मध्यम किमतीच्या पिस्तुलाकडे जाताना वाढीव पैशांतून सहसा ठोस गोष्टी मिळतात : अडथळ्याशिवाय चालल्याचा दीर्घ इतिहास, सहज मिळणारी मॅगझिन आणि सुटे भाग, निरनिराळी होल्स्टर (पिस्तूल ठेवायची म्याने), बदलता येण्याजोगी माशी. मध्यमकडून महागाकडे जाताना मात्र पैसा बराचसा घासून-पुसून केलेल्या जुळणीत, पृष्ठभागाच्या सफाईत आणि अशा अचूकतेत जातो, जिचा फायदा घेण्याइतका हात स्थिर व्हायला काही वर्षे लागतात. चांगले मध्यम किमतीचे पिस्तूलही ते धरणाऱ्या नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक अचूक असते.

शिवाय पिस्तुलाची किंमत हा पूर्ण खर्च नव्हे. कानांचे संरक्षण टाळताच येत नाही, कारण पिस्तुलाच्या आवाजाचे शिखर 150 डेसिबलच्या वर जाते आणि एका आवाजानेही कायमची इजा होऊ शकते. त्यात संरक्षक चष्मा, किमान दोन जादा मॅगझिन, होल्स्टर, सफाईचे साहित्य आणि प्रशिक्षकाचे शुल्क मिळवावे. घरी शस्त्र बंद ठेवण्यासाठी मजबूत कुलुपाची पेटी हवीच, आणि घरात मुले असोत वा नसोत, तिच्यावर काटकसर करू नये. यांहून मोठा खर्च काडतुसांचा आहे : नियमित सराव करणाऱ्याने काही हजार गोळ्या झाडल्या की काडतुसांवर गेलेली रक्कम पिस्तुलाच्या किमतीला मागे टाकते. या बाबतीत आपली निवड शहाणपणाची आहे. 9 मिलिमीटरचे हे काडतूस 1902 पासून चालत आले आहे, जगभरची सैन्ये आणि पोलीस दले ते वापरतात आणि प्रचंड उत्पादनामुळे ते सामान्यतः .45 सारख्या मोठ्या काडतुसापेक्षा स्वस्त पडते.

म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या पिस्तुलाच्या किमतीतील फरकात किती काडतुसे येतील आणि प्रशिक्षणाचे किती तास येतील, हे कागदावर मांडून पाहा. माझा सल्ला दुसऱ्याच्या बाजूने आहे, अर्थात ट्रिगरपर्यंत बोट नीट पोहोचत असेल तर. पहिले पिस्तूल हाताला अधिक चांगले बसले आणि त्याच मॉडेलने दोन-तीनशे गोळ्या एकदाही न अडता झाडल्या, तर तेही घ्यायला हरकत नाही. तिसऱ्याच्या पहिल्या, जड ट्रिगरवरही आपला नेम टिकत असेल आणि सरावाचे पैसे बाजूला काढूनही ते परवडत असेल, तर ते आनंदाने घ्यावे. चांगले बनवलेले पोलादी पिस्तूल अनेक दशके साथ देते.

प्रश्न : माझे हात लहान आहेत आणि पिस्तुलाची स्लाइड मला जड जाते. त्यामुळे विक्रेत्याने लहान, हलके रिव्हॉल्व्हर घेण्याचा सल्ला दिला. ते स्वस्तही आहे आणि हातात अगदी सुबक बसते. ते माझ्यासाठी योग्य आहे का?

उत्तर : विक्रेत्याचा हेतू चांगला असला तरी हा सल्ला मला मान्य नाही. पाच गोळ्यांचे लहान अॅल्युमिनिअमचे रिव्हॉल्व्हर जेमतेम सव्वाचारशे ग्रॅमचे असते, आणि त्याच्या हलकेपणाची भरपाई प्रत्येक गोळीला आपल्या तळव्याला करावी लागते. त्याचा ट्रिगर ओढायला पाच किलोच्या वर जोर लागू शकतो, म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या दहापटीहून अधिक. एवढ्या ओढीत ते स्थिर ठेवणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. दोन्ही नेमखुणा बारीक आणि एकमेकींच्या जवळ असतात. अशा शस्त्राने पहिल्या दिवशी हात दुखावला की सराव सुटतो, आणि हे नुकसान पैशांत मोजता येणार नाही.

स्लाइडचा प्रश्न पुष्कळदा पद्धतीचा असतो. पिस्तूल छातीजवळ आणावे, नळी सुरक्षित दिशेलाच राहील याकडे लक्ष ठेवावे, दुसऱ्या हाताच्या चारही बोटांनी आणि तळव्याने स्लाइड वरून घट्ट पकडावी, आणि स्लाइड ओढण्यापेक्षा मूठ धरलेला हात जोरात पुढे ढकलावा. चिमटीत धरून ओढणाऱ्याला जे जमत नाही, ते असे केल्याने पुष्कळांना जमते. लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी असेल हा समजही तपासून घ्यावा. 1931 च्या वॉल्थर पीपीके सारख्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकत नाहीत, त्यामुळे मागचा सारा जोर स्प्रिंग आणि स्लाइडचे वजन यांनाच पेलावा लागतो आणि स्प्रिंग कडक ठेवावी लागते. म्हणूनच काडतूस दुबळे असूनही त्याची स्लाइड आणि झटका दोन्ही कडक लागतात. याउलट स्मिथ अँड वेसनचे 2018 मध्ये आलेले शील्ड ईझेड हे मुद्दाम हलक्या स्लाइडसाठीच बनवलेले आहे. त्याचे पहिले रूप .380 या कमी ताकदीच्या काडतुसाचे होते आणि 2020 मध्ये 9 मिलिमीटरचेही आले. .380 चा झटका सौम्य असतो, पण ती काडतुसे सहसा 9 मिलिमीटरपेक्षा महाग पडतात, हे लक्षात ठेवावे. अरुंद मुठीचे, मध्यम आकाराचे पिस्तूल प्रशिक्षकासमोर झाडून पाहा आणि मगच ठरवा.

प्रश्न : त्याच पैशांत वापरलेले पण वरच्या दर्जाचे पिस्तूल मिळत असेल, तर ते घ्यावे का?

उत्तर : व्यवहार कायद्याने ठरवलेल्या मार्गाने, परवानाधारक विक्रेत्याकडून आणि क्रमांकाच्या नोंदीसह होत असेल, तर जरूर घ्यावे. बाहेरच्या ओरखड्यांनी बिचकू नये. ते बहुधा होल्स्टरचे असतात. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून आणि ते उघडून नळीत प्रकाश टाकावा. आतील पीळ (गोळीला फिरवणाऱ्या वळणदार खाचा) स्पष्ट दिसावेत, गंजाचे खड्डे किंवा कड्यासारखा फुगवटा दिसू नये. ट्रिगर कोणी घरी घासून हलका केला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ते पिस्तूल नाकारावे. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे आणणारी) आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा झिजणाऱ्याच असतात आणि त्या स्वस्त असतात, त्यामुळे त्या नव्याने बसवण्याचा खर्च किमतीत धरून घासाघीस करावी. मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले असतील तर मात्र मॅगझिनच बदलावे, कारण गोळी अडकण्याचे मूळ पुष्कळदा पिस्तुलात नसून तेथे असते.