बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे आणि त्या संख्येचे अवयव

प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, मग प्रत्येक घरात दुप्पट, असे ६४ घरांत मिळून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे होतात, असे वाचले. एक्सेलमध्ये २^६४−१ काढून सेल नंबर फॉरमॅटमध्ये ठेवला तर १८४४६७४४०७३७०९६००००० येते. खरे कोणते? आणि या संख्येचे मूळ अवयव कागदावर काढता येतील का?

उत्तर : तुम्ही वाचलेली संख्याच बरोबर. २^६४ सम, त्यातून १ गेला की विषम; तेव्हा शेवटी शून्य दिसले की उत्तर चुकले हे लगेच ओळखावे. एक्सेल १५ सार्थ अंकच दाखवते, पुढे शून्ये भरते. फॉरमॅट बदलून काही होत नाही, कारण गोंधळ साठवण्यातच आहे : ९००७१९९२५४७४०९९२ (२^५३) च्या पुढे सगळे पूर्णांक तिथे बसत नाहीत. २^६४ च्या अलीकडे तर साठवता येणाऱ्या लगतच्या संख्यांत २०४८ चे अंतर असते, मग १ वजा केलेला कुठून कळणार? पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत २**६४−१ (इंग्रजी अंकांत) लिहा, वीसही अंक नीट येतात.

अवयवांसाठी ३, ५, ७ ने भागत बसू नका. शाळेतले अ²−ब² = (अ+ब)(अ−ब) पुरते. २^६४−१ = (२^३२+१)(२^३२−१); दुसरा कंस पुन्हा तसाच फोडायचा, २−१ येईपर्यंत. हाती येते :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिले पाच मूळ आहेत. सहावाही त्याच साच्यातला, म्हणून तोही मूळ असेल असे वाटते आणि बरेच जण इथेच थांबतात. खुद्द फर्मा या थोर गणितज्ञालाही तसेच वाटले होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तो फोडला : ६४१ × ६७००४१७.

६४१ चा भाग जातो हे भागाकार न करताही दिसते. ६४१ = ५×२^७+१, म्हणून ६४१ ने भागल्यास ५×२^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. पण ६४१ = ६२५+१६ = ५^४+२^४ असेही आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ चालते. म्हणजे −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२+१ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडते.

६७००४१७ मूळ आहे का, हे तपासणेही जड नाही. २^३२+१ चा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीत १ मिळवून येतो. ६७००४१७ चे वर्गमूळ सुमारे २५८८. तिथपर्यंत अशा मूळ संख्या पाचच. २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९ ने भागून बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे मूळ.

सातही अवयव वेगळे आणि एकेकदाच, म्हणून एकूण विभाजक २^७ = १२८ (१ आणि ती संख्या धरून). झटपट ताळा हवा असेल तर सुरुवातीच्या वीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज करा : ८७. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही; ३ हा अवयव एकदाच आला, ते बरोबर.